जपानहून आयात झालेली स्पोर्ट्‌स कार अमेरिकेत विकत घेताना कायदेशीर धोके कोणते?

रारिटनकाठचा | १४ ऑक्टोबर २०२५
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहतो. निस्सान स्कायलाइन जीटी-आर, त्यातही तिची आर३४ ही पिढी, एकदा तरी आपल्या दारात उभी असावी ही माझी जुनी इच्छा आहे. सध्या फ्लोरिडात एका खाजगी विक्रेत्याकडे २००१ सालची, निळ्या रंगाची व्ही-स्पेक टू (आर३४ चीच एक आवृत्ती) विक्रीला आहे. किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी आहे. विक्रेत्याच्या सांगण्याप्रमाणे गाडी २०१६ साली आयात झाली, तिला फ्लोरिडा राज्याचे स्वच्छ टायटल (मालकीचा दाखला) आहे आणि ती रोज रस्त्यावर धावते. पंचवीस वर्षांच्या नियमाबद्दल मी ऐकून आहे, परंतु राज्य सरकारने टायटल दिले असेल तर गाडी कायदेशीर झाली असे धरून चालावे का? कोणती कागदपत्रे मागावीत आणि व्यवहार फसला तर नेमके काय होऊ शकते, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

गॅरेजबहाद्दर
किंमत कमी का आहे, याचे उत्तर विक्रेत्याने "२०१६" हा आकडा सांगून स्वतःच दिलेले आहे.

विधिज्ञा_शिकागो
मूळ प्रश्नाचे थोडक्यात उत्तर "नाही" असे आहे. का ते सविस्तर सांगते.

अमेरिकेत गाडी आणण्यावर दोन संघीय यंत्रणांचे स्वतंत्र नियम आहेत. पहिली महामार्ग सुरक्षा यंत्रणा, म्हणजे एनएचटीएसए. १९८८ च्या आयातविषयक कायद्यानुसार, जी गाडी अमेरिकी सुरक्षा मानकांप्रमाणे बनवलेली नाही ती उत्पादनाच्या तारखेपासून २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्वसाधारणपणे आणता येत नाही. आणायचीच असेल, तर ते मॉडेल आयातीस पात्र ठरलेले असावे लागते, नोंदणीकृत आयातदाराकडून त्यात बदल करून घ्यावे लागतात आणि गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड (हमीपत्र) द्यावा लागतो. दुसरी यंत्रणा पर्यावरण खात्याची, म्हणजे ईपीए. तिच्याकडे हीच मर्यादा २१ वर्षांची आहे. बंदरावर गाडी सोडवताना एचएस-७ (एनएचटीएसएसाठी) आणि ३५२०-१ (ईपीएसाठी) हे दोन फॉर्म भरले जातात आणि सीमाशुल्काची नोंद ७५०१ क्रमांकाच्या फॉर्मवर होते.

राज्याचे टायटल गाडीचा मालक कोण एवढेच सांगते. ती देशात कायदेशीर मार्गाने आली की नाही, हे मोटार वाहन खात्याच्या खिडकीवर बसलेला कारकून तपासत नाही आणि ते त्याचे कामही नाही. २००१ साली बनलेली गाडी २०१६ साली पंधरा वर्षांची होती. त्यामुळे एचएस-७ वर एकतर खोटी माहिती भरली गेली असणार किंवा तो फॉर्म भरलाच गेला नसणार.

बोरीबंदर_ते_बॉस्टन
विधिज्ञाताईंचे म्हणणे पुस्तकी दृष्टीने बरोबर असेल, पण व्यवहारात एवढे घाबरण्यासारखे काही नाही, असे माझे मत आहे. दर रविवारी गाडीप्रेमींच्या मेळाव्यांत अशा गाड्या राजरोस उभ्या असतात. पोलिसांना नंबरप्लेट आणि विमा दाखवला की त्यांचे समाधान होते. उजवीकडचे स्टीअरिंग इथे बेकायदेशीर नाही, टपालखात्याचे लोकही तशा गाड्या चालवतात. ज्या गाडीची जप्ती दहा वर्षांत झाली नाही, ती आता कोण करणार?

विधिज्ञा_शिकागो
@बोरीबंदर, रस्त्यावरच्या पोलिसाचा या विषयाशी फारसा संबंधच येत नाही. जप्ती संघीय खाते करते आणि ती मालकाच्या घराच्या अंगणातून होते. २०१४ साली लँड रोव्हर डिफेंडर गाड्यांच्या बाबतीत हेच घडले. वेगवेगळ्या राज्यांतून चाळीसएक गाड्या एकाच मोहिमेत उचलल्या गेल्या. बहुतेक मालकांनी त्या रीतसर पैसे मोजून घेतल्या होत्या आणि प्रत्येकाकडे राज्याचे टायटल होते. पुढे न्यायालयात लढून अनेकांनी गाड्या परत मिळवल्या ही गोष्ट खरी आहे, पण मधला काळ कोणी परत केला नाही.

"दहा वर्षांत झाली नाही" या मुद्द्याबद्दल एवढेच सांगते की सीमाशुल्क कायद्यातली मुदत गुन्हा घडल्याच्या दिवसापासून नव्हे, तर तो उघडकीस आल्यापासून मोजली जाते. गाडी जितकी प्रसिद्ध, तितकी ती उघडकीस येण्याची शक्यता जास्त, आणि आर३४ इतकी छायाचित्रे दुसऱ्या कोणत्या गाडीची निघत असतील असे मला वाटत नाही.

टोरांटोकर
पंधरा हा आकडा वाचून मी सावध झालो. कॅनडात परदेशी गाडी आणण्याची मर्यादा २५ नव्हे, १५ वर्षांची आहे. २००१ साली बनलेली आर३४ आमच्याकडे नेमकी २०१६ साली कायदेशीर होते. म्हणून माझा तर्क असा की ही गाडी जपानहून आधी कॅनडात आली असावी आणि नंतर कधीतरी सीमा ओलांडून खाली उतरली असावी. कॅनडातला रहिवासी आपली गाडी घेऊन फिरायला अमेरिकेत येऊ शकतो, पण ती तिथे विकून परत येऊ शकत नाही. विक्रेत्याला मीटर किलोमीटरमध्ये आहे का हे विचारू नका, कारण जपानी गाडीचे मीटर तसेही किलोमीटरमध्येच असते. कॅनडाच्या एखाद्या प्रांताची जुनी नोंदणी होती का, हे विचारा.

जुने_खोड
आमच्या वेळची गोष्ट नव्या सभासदांना माहीत असावी म्हणून लिहितो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील मोटोरेक्स या आयातदाराने आर३३ स्कायलाइनच्या धडक चाचण्या करून घेतल्या आणि त्या आधारावर एनएचटीएसएकडून १९९० ते १९९९ दरम्यानच्या स्कायलाइनना आयातीस पात्र ठरवून घेतले. लोकांनी मोठ्या रकमा मोजून गाड्या घेतल्या. नंतर यंत्रणेच्या लक्षात आले की आर३३ च्या चाचण्या आर३२ आणि आर३४ ला लागू पडत नाहीत, आणि ती पात्रता जानेवारी १९९६ ते जून १९९८ मधल्या आर३३ पुरतीच उरली. शिवाय बऱ्याच गाड्यांमध्ये आवश्यक ते बदल न करताच त्या ग्राहकांच्या हाती दिल्या गेल्याचे बाहेर आले. २००५ च्या सुमारास तो सगळा डोलारा कोसळला. त्यामुळे त्या काळात आलेली आर३४ कोणी विकायला काढली, तर बाँड मुक्त झाल्याचे पत्र पहिल्यांदा बघतात आणि रंग, चाके वगैरे त्यानंतर. ते पत्र नसलेल्या गाडीला "मोटोरेक्सची आहे" एवढे म्हणून काहीही संरक्षण मिळत नाही.

सुमेधा_ऑस्टिन
"शो ऑर डिस्प्ले" म्हणून एक सवलत असते, असे ऐकले आहे. विक्रेता तिचा आधार घेत नसेल ना?

विधिज्ञा_शिकागो
सवलत खरी आहे, पण ती तांत्रिक किंवा ऐतिहासिक महत्त्व असलेल्या दुर्मीळ गाड्यांसाठी आहे आणि वर्षाला २५०० मैलांपेक्षा जास्त चालवता येत नाही. आर३४ च्या अगदी मोजक्या आवृत्त्या, उदाहरणार्थ शेवटची नुर, त्या यादीत आहेत. साधी व्ही-स्पेक टू नाही. परवानगी त्या मालकाच्या नावाने लेखी मिळालेली असते, त्यामुळे "रोज धावते" असे सांगणाऱ्याकडे ती असण्याचा प्रश्न येत नाही.

योकोहामाचा_येसाजी
मी जपानमध्ये गाड्यांच्या निर्यातीच्या कामात आहे, म्हणून कागदपत्रांबद्दल लिहितो.

जपानी बाजारातल्या गाडीला अमेरिकेसारखा सतरा अंकी व्हीआयएन (वाहन ओळख क्रमांक) नसतो. तिला चॅसी नंबर असतो. आर३४ जीटी-आरचा नंबर बीएनआर३४ ने सुरू होतो, पुढे एक आडवी रेघ आणि सहा अंक. बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर तो ठोकलेला दिसतो आणि जवळच माहितीची पट्टी असते. टायटलवर सतरा अंकी काहीतरी लिहिलेले असेल, तर तो नंबर कोणी आणि कुठून दिला हे विचारायलाच हवे. ठोकलेल्या अंकांच्या आजूबाजूचा रंग नवा वाटला, वेल्डिंगची रेघ दिसली किंवा अंक एका ओळीत नसले, तर किमतीची बोलणी तिथेच थांबवावीत.

दुसरी गोष्ट तारखेची. गाडी जपान सोडते तेव्हा तिची नोंदणी रद्द करून निर्यात प्रमाणपत्र दिले जाते. त्यावर पहिल्या नोंदणीचे वर्ष आणि महिना असतो, उत्पादनाचा नसतो. अमेरिकेचा नियम उत्पादनाच्या तारखेवर आधारलेला आहे, मात्र पहिली नोंदणी २५ वर्षांपूर्वीची असल्याचा कागदही पुरावा म्हणून चालतो, कारण गाडी बनण्याआधी तिची नोंदणी होऊ शकत नाही. नोंदणी थोडी उशिरा झालेली असेल आणि एक-दोन महिन्यांसाठी अडत असेल, तर लोक चॅसी नंबरवरून कंपनीच्या सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये उत्पादनाचा महिना शोधतात. सीटबेल्टच्या तळाशी शिवलेल्या कापडी पट्टीवरही महिना छापलेला असतो, पण बेल्ट कोणीही बदलू शकतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

जपानी लिलावात गाडीची तपासणी करून दिलेला कागदही मागा. त्यावर श्रेणीच्या जागी "आर" किंवा "आरए" असेल, तर गाडीच्या सांगाड्याची दुरुस्ती झालेली आहे असा अर्थ होतो.

गॅरेजबहाद्दर
येसाजींनी मीटरचा विषय काढला नाही, म्हणून मी काढतो. इतक्या जुन्या गाड्यांना अमेरिकेत मीटरचा आकडा लिहून देण्याच्या संघीय बंधनातून सूट आहे. विक्रेता कागदावर "सूट लागू" एवढेच लिहून मोकळा होतो. नंतर मीटर मागे फिरवल्याचे कळले, तर त्याच्यावर दावा लावणे पुष्कळ अवघड जाते. निर्यात प्रमाणपत्रावर शेवटच्या तपासण्यांच्या वेळचे आकडे असतात, ते आधी जुळवून बघा.

फ्रीमाँटकर
कोणी कॅलिफोर्नियात राहत असेल, तर पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावरही सुटका नाही. इथे एअर रिसोर्सेस बोर्डाचे वेगळे राज्य आहे. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांनाच धूर तपासणीतून सूट आहे. त्यानंतरची थेट आयात झालेली पेट्रोल गाडी इथे नोंदवायची असेल, तर तिच्यात बदल करून घ्यावे लागतात, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी द्यावी लागते आणि मगच प्रमाणपत्र मिळते. हा खर्च काही हजार डॉलरांपासून सुरू होतो. माझ्या एका स्नेह्याने संघीय दृष्टीने पूर्णपणे कायदेशीर असलेली आर३२ दुसऱ्या राज्यातून घेतली आणि ती आजतागायत त्याच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली आहे. "मोंटानात कंपनी काढून तिथली नंबरप्लेट लावा" असा सल्ला त्याला अनेकांनी दिला. राहायचे इथे आणि नोंदणी तिथे, हा प्रकार करचुकवेगिरीत मोडतो आणि राज्य सरकारे आता अशा प्लेटांच्या मागे लागली आहेत.

बोरीबंदर_ते_बॉस्टन
एक शंका आहे. ईपीएची २१ वर्षांची सूट मिळाली म्हणजे इंजिनात वाटेल ते बदल केलेले चालतात का? कारण एकही आर३४ मूळ स्थितीत उरलेली नसते.

विधिज्ञा_शिकागो
ही शंका अगदी रास्त आहे. सूट मूळ, बदल न केलेल्या स्थितीतल्या गाडीला आहे. ३५२०-१ वर त्यासाठी "ई" हा संकेत लिहिला जातो. इंजिन बदललेले असेल, तर ते मूळ प्रकाराशी जुळणारे असले पाहिजे. मोठा टर्बो, वेगळे इंजिन, काढून टाकलेला धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक या सगळ्या गोष्टी कागदावर "मूळ स्थिती" म्हणून सही करणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतात. बंदरावर दरवेळी बॉनेट उघडून कोणी पाहत नाही हे मान्य आहे, परंतु फॉर्मवर सही तुमची असते.

कोथरूडचा_कार्टा
इथे पुण्यात बसून तुमचा धागा वाचतो आहे. आमच्याकडे जुनी सुप्रा किंवा आरएक्स-७ आणणे शक्य आहे का? एक एजंट "कार्नेवर आणून देतो, पुढचे आम्ही बघतो" असे म्हणतो.

न्हावाशेवा_नाना
त्या "पुढचे आम्ही बघतो" या वाक्यातच सगळी गोम आहे. कार्ने म्हणजे गाडी तात्पुरती, शुल्क न भरता आणण्याचा परवाना. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन असे कार्ने देते आणि परदेशी कार्नेवर इथे आलेली गाडी मुदतीत देशाबाहेर परत न्यावीच लागते. ती इथे विकणे हा सरळसरळ सीमाशुल्काचा भंग आहे आणि गाडी कोणाच्याही ताब्यात असली तरी जप्तीला पात्र ठरते.

रीतसर मार्ग पाहिला, तर वापरलेली गाडी उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये, स्टीअरिंग उजवीकडे हवे, मान्यताप्राप्त संस्थेची तपासणी हवी आणि वर शंभर टक्क्यांहून जास्त शुल्क. वीस-पंचवीस वर्षांची सुप्रा यात बसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने "ऑपरेशन नुमखोर" नावाने भूतानमार्गे आलेल्या गाड्या शोधून जप्त केल्या, त्यांत जपानी बनावटीच्या लँड क्रूझरही होत्या. खोट्या कागदपत्रांवर दुसऱ्या राज्यात नोंदणी करून त्या पुढे विकल्या गेल्याचा आरोप आहे. म्हणजे न्यू जर्सीतल्या आपल्या मित्राचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न एकच आहे, फक्त आरटीओ वेगळे.

मेलबर्नची_मैना
ऑस्ट्रेलियातला फरक सांगते. इथेही आता २५ वर्षांचा सरकता नियम आहे, मात्र गाडी जहाजावर चढण्याआधी आयात परवानगी हातात असावी लागते. शिवाय ब्रेक, क्लच आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस निघाले, तर बंदरावरच गाडी अडकते आणि तपासणीचा खर्च मालकाच्या माथी बसतो.

पावशेर_टर्बो
एवढे सगळे वाचून मी होंडा बीट घ्यायचे ठरवले आहे. ६६० सीसी असल्यामुळे कायदा तिला गाडी समजणार नाही, अशी आशा आहे.

सुमेधा_ऑस्टिन
@पावशेर, दुर्दैवाने कायदा तिला जरा जास्तच गाडी समजतो. राज्यांच्या मोटार वाहन खात्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये छोट्या केई गाड्यांबाबत (जपानमधला ६६० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा वर्ग) कडक शिफारसी केल्या आणि काही राज्यांनी संघीय दृष्टीने कायदेशीर असलेल्या गाड्यांची नोंदणीही नाकारली. आमच्या टेक्सासने २०२४ मध्ये मालकांच्या पाठपुराव्यानंतर धोरण बदलले. पैसे देण्याआधी स्वतःच्या राज्याच्या खात्याकडून लेखी उत्तर घ्या.

डेट्रॉइटची_लेक
विम्याबद्दल कोणीच लिहिले नाही. नेहमीच्या कंपन्यांच्या संगणकात सतरा अंकांशिवाय गाडी सापडतच नाही. संग्राहकांच्या गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपन्या ठरलेल्या किमतीवर पॉलिसी देतात, पण पॉलिसीतली अपवादांची पाने वाचा. सरकारी जप्तीमुळे झालेले नुकसान सहसा भरून मिळत नाही.

रारिटनकाठचा | १९ ऑक्टोबर २०२५
सर्वांचे मनापासून आभार. विक्रेत्याकडे मी ७५०१, एचएस-७, निर्यात प्रमाणपत्र आणि जुनी नोंदणी मागितली. त्याने चॅसी नंबरचे छायाचित्र पाठवले आणि ते मला व्यवस्थित वाटले. आयातीचे कागद "आधीच्या मालकाकडे राहिले" असे तो म्हणतो. मात्र सर्व्हिसच्या जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यात २०१७ ची ओंटारियोतली एक पावती निघाली, म्हणजे टोरांटोकरांचा तर्क खरा ठरला. कागद नसतील तर जमणार नाही असे कळवल्यावर त्याने किंमत आणखी खाली आणली. आता तो म्हणतो की २०२६ मध्ये गाडीला पंचवीस वर्षे पूर्ण होतील आणि मग सगळे आपोआप कायदेशीर होईल. हे खरे आहे का?

बोरीबंदर_ते_बॉस्टन
मला तरी हे तर्कसंगत वाटते. उद्या जी गाडी कोणीही आणू शकेल, ती आज इथे आहे म्हणून जप्त करण्यात सरकारला काय स्वारस्य असणार?

विधिज्ञा_शिकागो
स्वारस्य कमी होईल हे खरे, पण दोष नाहीसा होत नाही. आयात ज्या दिवशी झाली, त्या दिवशी ती नियमबाह्य होती आणि गाडीचे वय वाढल्यामुळे त्या दिवसाची नोंद बदलत नाही. एचएस-७ नसलेली गाडी पुढे विकताना किंवा दुसऱ्या राज्यात नेताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. पंचवीस वर्षांनंतर गाडी देशाबाहेर नेऊन रीतसर परत आणावी, असा मार्ग सुचवला जातो, परंतु बाहेर नेतानाच "ही आत कशी आली" असे विचारले जाऊ शकते. चौकशी सुरू होण्यापूर्वी सीमाशुल्क खात्याकडे स्वतःहून निवेदन दिल्यास दंड बराच कमी होतो, पण ते मुख्यतः ज्याने आयात केली त्याच्यासाठी आहे. ज्याने हे करायला हवे, तो विक्रेता आहे. त्याने ते करून कागद हातात ठेवले, तर गाडीचा पुन्हा विचार करा आणि तेव्हा किंमतही पूर्ण मोजावी लागेल हे गृहीत धरा.

टोरांटोकर
तोपर्यंत थांबायचेही कारण नाही. आर३४ जीटी-आर जानेवारी १९९९ पासून बनू लागली, त्यामुळे १९९९ च्या सगळ्या आणि २००० मधल्या बऱ्याचशा गाड्या आज अमेरिकेत रीतसर येऊ शकतात. व्ही-स्पेक टूच हवी असेल, तर ती ऑगस्ट २००० मध्ये आली, म्हणजे तिच्या सुरुवातीच्या गाड्याही आता पात्र आहेत. खिशाला जपायचे असेल, तर साधी जीटी-टी १९९८ पासूनची आहे आणि तिच्यामागे एवढा जमाव लागत नाही.

रारिटनकाठचा
विक्रेत्याला नकार कळवला. आता जपानमधूनच २००० सालच्या पूर्वार्धातली एखादी गाडी बघतो. येसाजी, निरोप पाठवला आहे. कस्टम्स ब्रोकरबाबत काही काळजी घ्यायची असते का?

योकोहामाचा_येसाजी
निरोप मिळाला. ब्रोकरला मुखत्यारपत्र दिले तरी आयातदार म्हणून नाव तुमचेच राहते, म्हणून एचएस-७ आणि ३५२०-१ चे मसुदे जहाज निघण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. माल जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी आयात सुरक्षा माहिती दाखल करावी लागते. ती चुकली तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आहे. शुल्काचे दर सध्या वरचेवर बदलत आहेत, तेव्हा त्या दिवशीचा दर ब्रोकरकडून लेखी घ्या. आणि गाडीतल्या मॅट काढून, खालून धुऊन पाठवायला सांगा, कारण चाकांच्या कमानीत माती सापडली तर कृषी खात्याचे लोक धुण्याचा खर्च तुमच्याकडून वसूल करतात.